आयएसआय मार्कच्या मागे कोण उभं असतं? विद्युत उपकरणं तपासणाऱ्या प्रयोगशाळांना सरकारी मान्यता कशी मिळते

वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरुळपीर. तूर-सोयाबीनच्या या पट्ट्यात डाळ मिल असो, जिनिंग असो की रस्त्याकडेचं वेल्डिंगचं दुकान, दिवसभर हात लागतो तो विजेवर चालणाऱ्या वस्तूंना. मोटर, स्टार्टर, केबल, स्विच, ग्राइंडर. यातल्या बहुतेक वस्तूंवर बारीक अक्षरात काहीतरी छापलेलं असतं. कुठे आयएसआयचा मार्क, कुठे 'आर' अक्षरानं सुरू होणारा क्रमांक, कुठे नुसतं 'सीई'.

वस्तू सुरक्षित आहे, असा या छपाईचा अर्थ आपण लावतो. पण ते ठरवलं कोणी? कंपनीनं स्वतःच? सरकारनं? की एखाद्या प्रयोगशाळेनं? आणि प्रयोगशाळेनं ठरवलं असेल, तर त्या प्रयोगशाळेवर विश्वास का ठेवायचा?

याचं उत्तर 'प्रयोगशाळेची मान्यता' या व्यवस्थेत आहे. ती कशी चालते आणि वाशीममधल्या छोट्या कारखानदाराला किंवा कामगाराला तिचा काय उपयोग, ते पाहूया.

प्रयोगशाळेची गरजच काय?

भाजी घेताना ती ताजी आहे की नाही हे हातात घेऊन कळतं. वायरचं तसं नाही. दोन वायरी बाहेरून सारख्याच दिसतात. एकीत पुरेसं तांबं आणि योग्य जाडीचं इन्सुलेशन असतं, दुसरीत दोन्ही कमी. लोड वाढला की दुसरी तापते, इन्सुलेशन वितळतं आणि शॉर्टसर्किट होतं. दुकानात उभं राहून हा फरक ओळखणं ग्राहकाला जमत नाही, दुकानदारालाही नाही.

कंपनीच्या दाव्यावर विसंबावं, तर तिला माल विकायचा असतो. म्हणून तिसरा लागतो. माल विकला गेला किंवा पडून राहिला तरी ज्याला फरक पडत नाही आणि ज्याच्याकडे तपासायची साधनं आहेत, असा. हा तिसरा म्हणजे चाचणी प्रयोगशाळा.

तिथे नेमकं काय तपासतात?

प्रत्येक प्रकारच्या वस्तूसाठी वेगळं भारतीय मानक असतं आणि त्याला क्रमांक असतो. पीव्हीसी वायरसाठी आयएस ६९४, घरगुती आणि तत्सम विद्युत उपकरणांच्या सुरक्षेसाठी आयएस ३०२, मोटरसारख्या यंत्राच्या आवरणात धूळ-पाणी किती शिरतं हे ठरवण्यासाठी 'आयपी' श्रेणी. कोणती चाचणी कशी घ्यायची आणि पास कधी म्हणायचं, हे मानकात लिहिलेलं असतं.

काही चाचण्या अशा:

अर्थिंगची सलगता. उपकरणाच्या अर्थ पिनेपासून धातूच्या बॉडीपर्यंत किमान २५ अँपिअर करंट सोडतात. या मार्गाचा रोध आयएस ३०२ नुसार ०.१ ओहमपेक्षा जास्त असून चालत नाही. कारण बॉडीत करंट उतरलाच, तर त्याला माणसाच्या शरीरापेक्षा अर्थचा रस्ता सोपा वाटला पाहिजे.

लीकेज करंट. अर्थिंग लागणाऱ्या, हातानं उचलता येणाऱ्या उपकरणाला साधारण ०.७५ मिलिअँपिअरपर्यंतच गळती माफ असते.

नकली बोट. माणसाच्या बोटासारखं सांधे असलेलं एक साधन उपकरणाच्या फटींत घालून पाहतात. ते आतल्या जिवंत भागाला टेकलं, तर उपकरण नापास.

अडकलेली मोटर. काही उपकरणांची मोटर मुद्दाम अडकवून ठेवतात. ती तापून पेट घेते की सुरक्षितपणे बंद पडते, ते बघतात.

धुळीची चाचणी. बंद पेटीत बारीक टाल्कम पावडर उडवतात आणि ती यंत्राच्या आत किती शिरली ते मोजतात. डाळ मिलसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. मोटरवर 'आयपी ५५' लिहिलेलं असेल, तर त्यातला पहिला ५ धुळीपासूनचं संरक्षण सांगतो आणि दुसरा ५ पाण्याच्या फवाऱ्यापासूनचं.

अशा चाचण्यांत नमुना अनेकदा खराब होतो. म्हणजे आपण विकत घेतलेली वस्तू स्वतः प्रयोगशाळेत गेलेलीच नसते. गेलेला असतो तिचा भाऊबंद. म्हणून तो नमुना कोणी निवडला आणि कोणी तपासला, यावर सगळा खेळ अवलंबून असतो.

मान्यता कोण देतं?

इथे दोन संस्थांची नावं येतात आणि लोकांचा गोंधळ बहुतेक इथेच होतो.

पहिली संस्था एनएबीएल, म्हणजे चाचणी व अंशशोधन प्रयोगशाळांचं राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ. हे मंडळ भारतीय गुणवत्ता परिषदेचा भाग आहे. ते वस्तू तपासत नाही, प्रयोगशाळा तपासतं. त्याची कसोटी म्हणजे 'आयएसओ/आयईसी १७०२५' हे आंतरराष्ट्रीय मानक. प्रयोगशाळेतली मीटरं वेळच्या वेळी कॅलिब्रेट होतात का, त्यांच्या मोजमापाची साखळी राष्ट्रीय मानकापर्यंत पोहोचते का, चाचणी घेणारी माणसं प्रशिक्षित आहेत का, तोच नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत दिला तर जवळपास तेच उत्तर येतं का, आणि निकालावर मालकाचा किंवा ग्राहक कंपनीचा दबाव येत नाही ना, हे सगळं त्यात पाहिलं जातं. चाचणीचे पैसे बहुतेक वेळा कंपनीच देते. त्यामुळे शेवटचा मुद्दा नुसता कागदापुरता नाही.

दुसरी संस्था भारतीय मानक ब्युरो, म्हणजे बीआयएस. आयएसआय मार्क वापरण्याचा परवाना हीच संस्था देते. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, भारतीय मानक संस्था सुरू झाली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं म्हणजेच 'आयएसआय'. १ एप्रिल १९८७ रोजी तिची जागा बीआयएसनं घेतली. मार्क मात्र जुन्याच नावानं ओळखला जातो.

बीआयएसच्या स्वतःच्या प्रयोगशाळा आहेत. मध्यवर्ती प्रयोगशाळा दिल्लीजवळ साहिबाबादला, पश्चिम विभागाची मुंबईत. पण देशभरातला सगळा माल तिथे तपासणं शक्य नाही. म्हणून बीआयएस बाहेरच्या प्रयोगशाळांना मान्यता देते. त्यासाठी वेगळी 'प्रयोगशाळा मान्यता योजना' आहे. या योजनेत येणाऱ्या प्रयोगशाळेकडे १७०२५ नुसार अधिस्वीकृती असावी लागते. त्यावर बीआयएस स्वतःची तपासणी करते आणि प्रयोगशाळेनं नियम मोडले तर मान्यता स्थगित किंवा रद्दही करू शकते.

सोप्या शब्दांत, या प्रयोगशाळेला नीट मोजता येतं, हे एनएबीएल सांगतं. तिचा रिपोर्ट आम्ही परवान्यासाठी धरू, हे बीआयएस सांगते. पहिल्याचा अर्थ आपोआप दुसरा होत नाही.

मान्यता सरसकट नसते

'आमची लॅब सरकारमान्य आहे' हे वाक्य अर्धवट आहे. मान्यता कोणत्या मानकासाठी, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

एखादी प्रयोगशाळा वायर तपासण्यासाठी मान्य असेल, पण मोटर तपासायला तिच्याकडे टेस्ट बेंचच नसेल. मग मोटरच्या बाबतीत ती इतर कुठल्याही वर्कशॉपसारखीच. म्हणून एनएबीएलच्या प्रमाणपत्राला चाचण्यांची यादी जोडलेली असते. तिला 'स्कोप' म्हणतात. बीआयएसची यादीही मानकाच्या क्रमांकानुसार चालते. रिपोर्टवर एनएबीएलचं चिन्ह दिसलं, पण ती चाचणी स्कोपमध्ये नाही, तर त्या चाचणीपुरती अधिस्वीकृती नाही.

नमुना कोण निवडतं?

भारतात विद्युत वस्तूंसाठी प्रामुख्यानं दोन वाटा आहेत.

पहिली आयएसआय मार्कची. यात बीआयएसचे अधिकारी कारखान्याला भेट देतात, उत्पादनाची आणि तपासणीची व्यवस्था बघतात, नमुने स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासले जातात आणि मग परवाना मिळतो. परवान्यानंतरही कारखान्यातून आणि बाजारातून नमुने उचलून तपासता येतात.

दुसरी वाट सक्तीच्या नोंदणीची. इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंसाठी केंद्र सरकारनं २०१२ मध्ये हा आदेश काढला. सुरुवातीला त्यात १५ प्रकारच्या वस्तू होत्या, नंतर यादी वाढत गेली. चार्जर-ॲडॉप्टर, एलईडी दिवे, कॉम्प्युटर अशा वस्तू या वाटेनं येतात. इथे कंपनी नमुना बीआयएस-मान्य प्रयोगशाळेत देते, रिपोर्टच्या आधारे वस्तू मानकानुसार असल्याचं स्वतः घोषित करते आणि 'आर' क्रमांक घेते. आधी कारखान्याची तपासणी नसते. बाजारावर नजर ठेवण्याचं काम नंतर होतं. त्यामुळे या वाटेत प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर जास्त भार येतो.

'सीई'चं काय? ती युरोपच्या बाजारासाठीची खूण आहे. बऱ्याच साध्या विद्युत वस्तूंच्या बाबतीत ती उत्पादकाची स्वतःची घोषणा असते. भारतातल्या सक्तीच्या मार्कची जागा ती घेऊ शकत नाही.

कामाच्या जागेवरच्या यंत्रांना काय लागू होतं?

एखाद्या वस्तूला मार्क सक्तीचा आहे की ऐच्छिक, हे केंद्र सरकारच्या 'गुणवत्ता नियंत्रण आदेशां'वर ठरतं. विद्युत वायर, केबल, स्विच, एमसीबी, इस्त्री, हीटर यांसारख्या वस्तूंसाठी २००३ चा आदेश आहे. कारखान्यात सर्रास दिसणाऱ्या तीन फेजच्या स्क्विरल केज इंडक्शन मोटरसाठी २०१७ चा आदेश आहे. तो आयएस १२६१५ या मानकावर उभा आहे.

इथे एक बारकावा आहे. आयएस १२६१५ हे ऊर्जाकार्यक्षम मोटरचं मानक आहे. मोटर किती वीज खाते, हा त्याचा मुख्य विषय. म्हणजे आयएसआय मार्क दिसला की वस्तू सगळ्याच बाबतींत तपासली गेली, असं समजू नये. मार्कच्या वर छापलेला आयएस क्रमांक म्हणजे प्रयोगशाळेला विचारलेला प्रश्न. उत्तर तेवढ्याच प्रश्नाचं मिळतं.

मोठ्या यंत्रसामग्रीची सुरक्षा मात्र बराच काळ अशा सक्तीच्या बाहेर होती. अवजड उद्योग मंत्रालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये यंत्रसामग्री आणि विद्युत उपकरणांच्या सुरक्षेसाठी एक व्यापक आदेश काढला. त्यात पंप, कॉम्प्रेसर, क्रेन, मशीन टूल, स्विचगिअर असे प्रकार घेतले. उद्योगांनी तयारीला वेळ मागितला आणि २०२५ मध्ये त्याची मुदत १ सप्टेंबर २०२६ पर्यंत वाढवण्यात आली. असा आदेश प्रत्यक्षात आणायचा तर तेवढी यंत्रं तपासायला मान्यताप्राप्त प्रयोगशाळा लागतात. प्रयोगशाळा कमी पडल्या, तर कायदा कागदावर राहतो किंवा माल तपासणीच्या रांगेत अडकतो.

वस्तूवरचा मार्क ही उत्पादकाची जबाबदारी. ती वस्तू कामाच्या जागी सुरक्षित ठेवणं ही मालकाची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेबाबतचे २०२३ चे विनियम त्यासाठी आहेत. त्यांच्यावर देखरेख विद्युत निरीक्षकांची. कामगार कायद्यांच्या बाजूनं १९४८ चा कारखाने अधिनियम होता आणि त्याची जागा घेणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता आहे. या संहितेत वीज वापरणाऱ्या ठिकाणी २० किंवा जास्त कामगार असतील तरच त्याला 'कारखाना' म्हटलं आहे. सात-आठ माणसांवर चालणारं फॅब्रिकेशनचं दुकान या व्याख्येत बसत नाही. तिथे कारखाना म्हणून कोणी तपासायला येईलच असं नाही. त्यामुळे वस्तूवरचा खरा मार्क हाच तिथल्या कामगाराचा मोठा आधार ठरतो.

पेट्रोल पंप आणि नागपूरचं 'पेसो'

काही जागी साधी ठिणगीही जीवघेणी ठरते. पेट्रोल पंपावर, गॅसच्या प्लांटमध्ये हवेत ज्वलनशील वाफ असू शकते. तिथलं विद्युत उपकरण 'फ्लेमप्रूफ' लागतं. म्हणजे आत ठिणगी पडून स्फोट झाला, तरी ज्वाळा आवरणाबाहेर येता कामा नये.

अशा उपकरणांना मंजुरी देणारी केंद्रीय संस्था विदर्भातच आहे. पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे 'पेसो', हिचं मुख्यालय नागपूरला आहे. पेट्रोलियम नियम २००२ नुसार धोक्याच्या क्षेत्रातल्या विद्युत उपकरणांना तिची मंजुरी लागते आणि ती प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर मिळते. धनबादची केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्था ही अशा चाचण्यांसाठी देशात ओळखली जाते. तिथे उपकरणाच्या आवरणात स्फोटक वायूचं मिश्रण भरून ते खरोखर पेटवून पाहतात.

धान्याची बारीक धूळही हवेत दाट झाली की पेट घेऊ शकते. धान्य आणि पिठाच्या उद्योगात जगभर असे स्फोट झाले आहेत. डाळ मिलच्या मोटरवरचा 'आयपी' आकडा आणि रोजची झाडलोट या दोन्ही गोष्टी म्हणूनच गंभीर आहेत.

अमेरिकेनं हा प्रश्न कसा सोडवला?

अमेरिकेत कामाच्या जागेवरची सुरक्षा 'ओशा' ही कामगार खात्यातली संस्था पाहते. तिच्या जुन्या नियमांत विद्युत उपकरणं तपासणाऱ्या दोनच खासगी संस्थांची नावं होती: १८९४ मध्ये सुरू झालेली अंडररायटर्स लॅबोरेटरीज आणि फॅक्टरी म्युच्युअल. इतर प्रयोगशाळांना दार बंद. एका प्रयोगशाळेनं याला कोर्टात आव्हान दिलं. शेवटी १९८८ मध्ये ओशानं नियम बदलला. कसोटीला उतरणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेला 'राष्ट्रीय मान्यताप्राप्त चाचणी प्रयोगशाळा' म्हणून मान्यता मिळू लागली.

तिथे सरकार स्वतः मार्क देत नाही. प्रयोगशाळेला मान्यता देतं आणि प्रयोगशाळा आपला मार्क देते. भारतात मार्क बीआयएसचा असतो आणि प्रयोगशाळा पडद्यामागे राहते. त्यामुळे आपल्या मार्कवर प्रयोगशाळेचं नाव शोधून सापडत नाही. तपासायचा असतो तो परवाना.

वाशीममध्ये बसून काय तपासता येईल?

१. आयएसआय मार्कच्या वर आयएस क्रमांक आणि खाली 'सीएम/एल'नं सुरू होणारा परवाना क्रमांक आहे का ते पाहा. हे दोन्ही नसेल, तर नुसत्या मार्कवर विश्वास ठेवू नका.

२. मोबाइलवर 'बीआयएस केअर' ॲप घ्या. त्यात सीएम/एल किंवा 'आर' क्रमांक टाकला की परवाना कोणाचा आहे आणि चालू आहे की नाही, ते दिसतं.

३. ॲपमधलं कंपनीचं नाव आणि वस्तूचा प्रकार हातातल्या वस्तूशी जुळवा. खऱ्या कंपनीचा क्रमांक भलत्याच मालावर छापलेला असू शकतो.

४. मोठं यंत्र घेताना चाचणी रिपोर्ट मागा. त्यावर प्रयोगशाळेचं नाव, मानकाचा क्रमांक, मॉडेल आणि तारीख पाहा. प्रयोगशाळेचा स्कोप एनएबीएलच्या वेबसाइटवर कोणालाही बघता येतो.

५. पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय तक्रार लंगडी पडते.

शंका आली तर तक्रार बीआयएस केअर ॲपवरच करता येते. बीआयएसचं शाखा कार्यालय नागपूरला आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. सक्तीच्या यादीतली वस्तू मार्कशिवाय विकल्यास २०१६ च्या बीआयएस कायद्यात पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २ लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा लिहिली आहे. दुसऱ्यांदा दंड किमान ५ लाख रुपये, आणि तो मालाच्या किमतीच्या दहा पटींपर्यंत जाऊ शकतो.

मार्क काय सांगत नाही?

प्रयोगशाळेत उपकरण व्यवस्थित अर्थिंगला जोडून तपासलेलं असतं. मिलमधल्या सॉकेटला अर्थिंगच नसेल, किंवा तीन पिनांच्या प्लगची वरची पिन कापून टाकलेली असेल, तर ०.१ ओहमच्या त्या चाचणीचा कामगाराला काही उपयोग नाही. एमसीबी, कॉन्टॅक्टर, केबल सगळं मार्कचं घेऊन स्थानिक वायरमननं पॅनल बोर्ड जोडला, तरी जोडलेला पूर्ण बोर्ड कोणत्याही प्रयोगशाळेनं पाहिलेला नसतो. वारंवार ट्रिप होतो म्हणून आरसीसीबी काढून सरळ लाइन जोडली, की ३० मिलिअँपिअर गळतीवर पुरवठा तोडणारा पहारेकरीच गेला.

प्रयोगशाळा कारखान्यातून निघालेल्या नव्या वस्तूची खात्री देते. त्यानंतर दहा वर्षं ती वस्तू ओल्या फरशीवर, धुळीत, घासलेल्या केबलसह चालते. त्या काळातली चाचणी परवानाधारक वायरमनकडून वेळोवेळी अर्थिंग आणि इन्सुलेशन मोजून घेणं, हीच. पावसाळा सुरू होण्याआधी एकदा तरी ती झालेली असावी.